सुसाईड नोट कधी लिहिली, कधी सापडली : कलम १०८ मध्ये तारखांनी नेमकं काय बदलतं?

तालुका_बार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या प्रकरणात (आता भारतीय न्याय संहिता कलम १०८, पूर्वीचं ३०६) चिठ्ठीच्या वेळेवरून खूप वाद होतात. निकालपत्रं वाचली की एकात पत्रं महिनोन्‌महिने आधीची चालतात, दुसऱ्यात दोन दिवसांचं अंतरही नडतं. मेळ कसा घालायचा?

चर्चेसाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. पतसंस्थेतला रोखपाल. २८ ऑगस्टला शाखाव्यवस्थापकाशी सगळ्यांसमोर वाद. चिठ्ठीवर तारीख ३ सप्टेंबर, मजकूर दोन ओळींचा : व्यवस्थापकाचं नाव आणि "यांच्या त्रासाला कंटाळून". मृत्यू १९ सप्टेंबरला. त्याच दिवशी अकस्मात मृत्यूची नोंद. मरणोत्तर पंचनाम्यात चिठ्ठीचा उल्लेख नाही. भावाच्या पहिल्या जबाबात "कोणावर संशय नाही". १० ऑक्टोबरला तोच भाऊ कपाटात सापडली म्हणून चिठ्ठी घेऊन ठाण्यात येतो आणि गुन्हा दाखल होतो. शिवाय १९ तारखेच्या पहाटे मित्राला गेलेला एक व्हॉट्सॲप मेसेज आहे.

१) सोळा दिवस आधीची चिठ्ठी मृत्युपूर्व जबानी म्हणून वाचता येते का?
२) एकवीस दिवसांनी सापडली, याचा परिणाम काय?
३) तारीख खरी की मागाहून टाकलेली, हे शाईवरून कळतं का?
४) मेसेज चिठ्ठीपेक्षा भक्कम समजायचा का?

---

सत्र_पान_चार

मेळ बसत नाही, कारण दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले जातात. चिठ्ठी पुराव्यात वाचता येते का, हा पहिला. वाचली तर तिच्यातून चिथावणी सिद्ध होते का, हा दुसरा. पहिल्यात कायदा वेळेबाबत सैल आहे, दुसऱ्यात कडक. तुम्ही वाचलेले "महिनोन्‌महिने चालतात" वाले निकाल पहिल्या प्रश्नावरचे आहेत आणि "दोन दिवसही नडले" वाले दुसऱ्यावरचे.

पहिला प्रश्न आधी. भारतीय साक्ष्य अधिनियम कलम २६ चा पहिला खंड (जुनं ३२(१)) सांगतो की मयताचं विधान मृत्यूच्या कारणाबद्दल असेल, किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्यातल्या परिस्थितीबद्दल असेल, आणि खटल्यात मृत्यूचं कारणच वादात असेल, तर ते चालतं. विधान करताना मरणाची चाहूल लागलेली असावी अशी अट आपल्याकडे नाही. ती इंग्लंडची अट. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) पाकला नारायण स्वामी प्रकरणात १९३९ मध्येच हे स्पष्ट केलं. तिथला मयत पैसे घ्यायला अमुक गावी चाललो एवढंच बायकोला सांगून घरून निघाला होता, आणि ते विधान चाललं.

आत्महत्येच्या बाबतीत पायाचा निकाल आपल्याच पुण्याचा : शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. कलम ३२ फक्त खुनापुरतं नाही, आत्महत्येलाही लागू आहे, आणि मयताने लिहिलेली पत्रं मृत्यूशी थेट जोडलेली एक सलग हकिकत सांगत असतील तर केवळ काळाच्या अंतराने ती बाद होत नाहीत, असं न्या. फझल अली यांच्या निकालपत्रात आहे. या निकालाची गंमत म्हणजे पत्रं पुराव्यात आली आणि आरोपी तरीही सुटला. वर म्हटलेल्या दोन प्रश्नांचा फरक याहून चांगला दुसरीकडे दिसत नाही. तेव्हा तुमचे सोळा दिवस पहिल्या प्रश्नावर अडसर नाहीत.

आता दुसरा. न्याय संहितेच्या कलम ४५ (जुनं १०७) प्रमाणे चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य यांपैकी काहीतरी लागतं. अमलेंदू पाल (२०१०) निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या छळाच्या आरोपावर भागत नाही, मृत्यूच्या सुमारास आरोपीने केलेली एखादी ठोस कृती हवी, जिने त्या व्यक्तीला तिथवर नेलं. संजू ऊर्फ संजय सिंग सेंगर विरुद्ध मध्य प्रदेश (२००२) यात २५ जुलै १९९८ ला भांडण, त्यात "जा, मर" म्हटल्याचा आरोप, आणि २७ जुलैला मृतदेह. न्यायालयाने म्हटलं, मधल्या काळात विचार करायला वेळ होता, भांडणाचा तो थेट परिणाम नव्हे. चिठ्ठीत आरोपीचं नाव असूनही कारवाई रद्द झाली. प्रकाश विरुद्ध महाराष्ट्र राज्य (डिसेंबर २०२४) मध्ये सुमारे महिन्याभराच्या अंतराने कृती आणि मृत्यू यांतला दुवा तुटल्याचं धरलं. त्याच महिन्यात गुजरातच्या जयदीपसिंह चावडा प्रकरणात वर्षभर आधीच्या घटनेवर कलम ३०६ उभं राहू दिलं नाही, पण ४९८-अ चा (विवाहितेच्या छळाचा) खटला मात्र चालू ठेवला.

याचा अर्थ "अमुक दिवसांच्या आत" असा काही आकडा आहे असं नाही. दोन दिवसांत दुवा तुटू शकतो आणि दोन वर्षांचा सततचा जाच जोडलेला राहू शकतो. हरियाणाच्या उदे सिंग प्रकरणात (२०१९) छळाची साखळी अखंड होती म्हणून शिक्षा टिकली. मधले दिवस मोजू नका, त्या दिवसांत काय भरलंय ते पाहा.

तुमच्या प्रसंगात २८ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर हे बावीस दिवस आहेत. त्यांचा तक्ता करा, उभा, एका दिवसाला एक ओळ. हजेरीपत्रक, रजेचे अर्ज, मेमो, कारणे दाखवा नोटीस, रोकड तफावतीचा अहवाल, व्यवस्थापकाचे फोन. ३ तारखेला चिठ्ठी लिहिल्यावर माणूस सोळा दिवस कामावर नेमाने येत होता, सणाची उचल मागत होता, तर बचावपक्ष तेच पुढे करणार : चिठ्ठी ज्या मनःस्थितीत लिहिली ती ओसरली होती. उलट ४, ९ आणि १७ तारखेला वसुलीची धमकी देणारे मेमो निघाले असतील तर चिठ्ठी मधल्या साखळीची एक कडी ठरते, आणि तिची जुनी तारीख सरकार पक्षाच्या उपयोगाची होते. तेव्हापासूनच त्रास होता, हे ती दाखवते.

आणखी एक. दोन ओळींच्या मजकुरात घटना नाही, तारीख नाही, कृती नाही. नेताई दत्ता विरुद्ध पश्चिम बंगाल (२००५) मध्ये चिठ्ठीत नाव होतं, पण आरोपीने केलेली कोणतीही विशिष्ट कृती नव्हती, म्हणून कारवाई रद्द झाली. मदन मोहन सिंग (२०१०) मध्येही वरिष्ठाबद्दलची मनातली खंत म्हणजे चिथावणी नव्हे, असाच सूर आहे. नाव लिहिलं म्हणजे गुन्हा झाला, हा समज ठाण्यापासून वृत्तपत्रांपर्यंत पसरलाय, त्याला इलाज नाही.

---

दस्तऐवज_परीक्षण

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. शाईचं वय हा विषय वकिलांना फार प्रिय आहे, पण हाती काही लागत नाही. बॉलपेनच्या शाईतलं द्रावक हळूहळू उडतं आणि त्यावरून अंदाज बांधण्याच्या पद्धती आहेत. पण कागदाचा प्रकार, साठवणुकीचं तापमान, ओल, कागद बंद वहीत होता की उघडा, यांनी निकाल इतका हलतो की "३ सप्टेंबर की ५ ऑक्टोबर" हे कोणतीही प्रामाणिक प्रयोगशाळा सांगणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आर. जगदीशन प्रकरणात याचा आढावा घेऊन दस्तऐवज शाईच्या वयासाठी पाठवण्याची मागणी फेटाळली होती. असा अर्ज केला तर वर्ष जातं आणि उत्तर येतं "मत देता येत नाही".

तारीख शोधायची तर शाई सोडा, कागदाकडे बघा.

पहिली गोष्ट, चिठ्ठी ज्या वहीतून फाडली ती अख्खी वही जप्त झाली का? बहुतेक वेळा पंचनाम्यात "रेघी कागदाचे एक पान" एवढंच असतं आणि वही घरीच राहते. वही असेल तर फाटलेली कड जुळवता येते आणि पान कोणत्या दोन पानांमधलं हे कळतं. त्याच्या आधीच्या पानावर १ सप्टेंबरचा हिशेब आणि नंतरच्या पानावर ६ सप्टेंबरचा असेल, तर त्या तारखेला आधार मिळाला. शिवाय वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर दाब उमटतो. डोळ्यांना दिसत नाही, पण स्थिरविद्युत उपकरणाने (प्रयोगशाळेत त्याला एस्डा म्हणतात) तो वाचता येतो. चिठ्ठीच्या पानावर १२ सप्टेंबरच्या नोंदीचा ठसा निघाला, तर ते पान १२ तारखेला वहीतच होतं. मग ते ३ तारखेला लिहून कपाटात ठेवलं ही गोष्ट कोलमडते.

दुसरी, मजकूर. ३ तारखेच्या चिठ्ठीत ८ तारखेला हाती पडलेल्या नोटिशीचा उल्लेख असेल तर तारीख चुकीची आहे, त्याला तज्ज्ञ लागत नाही. कागद म्हणून वापरलेली पावती किंवा कॅलेंडरचं पान कधी छापलंय, हेही बघा.

हस्ताक्षराबद्दल. मयताकडून नमुना घेता येत नाही, त्यामुळे त्याचं नैसर्गिक लेखन लागतं, म्हणजे खटल्याचा विचारही नव्हता तेव्हा लिहिलेलं. इथे वेळेचा मुद्दा पुन्हा येतो. तुलनेचं लेखन चिठ्ठीच्या काळाच्या जवळचं हवं. दहावीच्या वह्या आणून दिल्या तर वीस वर्षांत अक्षर बदललेलं असतं, आणि मत "अनिर्णित" येतं. या प्रसंगात रोखपालाचं काम रोजचं, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरचं रोजकीर्द पुस्तक, भरणा स्लिपा, रजेचे अर्ज मिळायलाच हवेत. मराठी चिठ्ठीला मराठीच लेखन द्या. इंग्रजी धनादेश आणि इंग्रजी सही देऊन देवनागरी मजकुरावर मत मागतात, ते मिळणार नाही. सलग मजकुराला सलग मजकूर, सहीला सही. झेरॉक्स नको : पेन कुठे उचललं, दाब कुठे वाढला, हात कुठे थबकला, यातलं काहीच झेरॉक्सवर उरत नाही.

आणि जप्तीच्या वेळचे घोळ. पंचांच्या सह्या चिठ्ठीच्या दर्शनी बाजूवर घेतात. चिठ्ठी पाकिटात घालून मग पाकिटावर गुन्हा क्रमांक लिहितात, त्याचा दाब चिठ्ठीवर उमटतो आणि एस्डाच्या निकालात भलताच मजकूर मिसळतो. म्हणून पाकिटावर आधी लिहायचं, मग चिठ्ठी आत. स्टेपल नको, नव्या घड्या नको. तपासण्यांचा क्रमही ठरलेला : आधी छायाचित्रं, मग एस्डा, आणि बोटांच्या ठशांसाठीचं रसायन सगळ्यात शेवटी. रसायनाने कागद ओला झाला की दाबाचे ठसे गेले, ते परत येत नाहीत.

तज्ज्ञाचं मत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, अक्षर ओळखणाऱ्याची साक्ष ४१ खाली, न्यायालयाची स्वतःची तुलना ७२ खाली (जुनी ४५, ४७, ७३). मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश (१९८०) प्रमाणे तज्ज्ञाच्या मताला दुजोरा हवाच असा नियम नाही, मात्र सावधगिरी हवी. कारणं न देता "जुळते" एवढंच लिहिलेला अहवाल उलटतपासात पाच मिनिटं टिकत नाही.

---

संपादन

धागा कायद्यापुरता आणि तपासापुरता ठेवावा, मृत्यूच्या पद्धतींची वर्णनं नकोत. वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः अशा अवस्थेतून जात असेल तर टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

---

हॅश_व्हॅल्यू

चौथा प्रश्न. मेसेजला घड्याळ जोडलेलं असतं म्हणून तो भक्कम वाटतो. पण ते घड्याळ कोणाचं, हे आधी विचारा.

नेहमीची चूक अशी. फोनमधली माहिती काढणारी साधनं वेळ बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत दाखवतात, आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. मेसेज खरा गेला पहाटे ४:४० ला. अहवालात तो आदल्या रात्री, १८ तारखेला ११:१० ला दिसतो. मित्राच्या जबाबात "पहाटे पावणेपाचला" आहे. बचावपक्ष विसंगती म्हणून ओरडतो आणि तपासी अंमलदाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उत्तर सुचत नाही. उलटही होतं : कोणी साडेपाच तास दोनदा मिळवले तर मेसेज मृत्यूनंतरचा ठरतो आणि दुसऱ्याच कोणी पाठवला असा तर्क सुरू होतो. अहवालाच्या पहिल्या पानावर वेळेचा विभाग लिहिलेला असतो, तो वाचा. जप्तीच्या वेळी पंचांसमोर फोनच्या पडद्यावरची वेळ आणि बरोबरची प्रमाणवेळ दोन्ही पंचनाम्यात लिहिली तर पुढचा अर्धा त्रास वाचतो.

शवविच्छेदनातली मृत्यूची वेळ हा अंदाज असतो, तासांचा पल्ला असतो. मेसेजची मिनिटं त्याच्याशी भिडवू नका.

पुराव्यासाठी : स्क्रीनशॉटची छापील प्रत म्हणजे पुरावा नव्हे. ज्याला मेसेज आला त्या मित्राचा फोन हवा, किंवा त्यातली प्रत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रासह (जुनं ६५-ब). नव्या नमुन्यात भाग अ फोन ज्याच्या ताब्यात होता त्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य (फाइलची डिजिटल ओळख सांगणारा आकडा) लिहायचं. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (२०२०) या निकालाने पक्कं झालं, तो जालन्याच्या निवडणुकीचा वाद होता. मूळ फोनच न्यायालयात आणला आणि मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यातच आहे. मित्राने तो मेसेज भावाला फॉरवर्ड केला आणि पोलिसांनी भावाचा फोन जप्त केला, असं झालं तर तुमच्या हाती मूळ वेळ नाही, फॉरवर्डची वेळ आहे.

कागदी चिठ्ठीचा फोटो मयताच्या फोनमध्ये आहे का, हे मात्र जरूर शोधा. अनेकदा लिहिणारा फोटो काढून ठेवतो. त्या फाइलची नोंद ३ सप्टेंबरची निघाली तर कागदावरच्या तारखेला बाहेरून आधार मिळाला आणि "मागाहून बनवली" हा बचाव जवळजवळ संपला.

एकवीस दिवसांत काय गेलं तेही पाहा. पतसंस्थेचा सीसीटीव्ही साधारण १५ ते ३० दिवसांत स्वतःवरच पुन्हा चित्रण करतो. गुन्हा १० ऑक्टोबरला दाखल झाला तेव्हा २८ ऑगस्टचा वाद पुसला गेलेला असणार. कॉलच्या नोंदी मात्र मिळतील, डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना त्या किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

---

मुद्देमाल_खोली

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही, आणि हा प्रसंग तिथेच फसणार आहे.

चिठ्ठी उशिरा सापडणं हा दोष नव्हे. उशीर कसा झाला हे कोणी न सांगणं हा दोष. पटेल बाबूभाई मनोहरदास विरुद्ध गुजरात राज्य (मार्च २०२५) मध्ये फिर्याद आणि चिठ्ठी मृत्यूनंतर जवळपास तीन आठवड्यांनी पुढे आली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या उशिराकडे संशयाने पाहिलं आणि आरोपींना निर्दोष सोडलं. महेंद्र अवासे (जानेवारी २०२५) मध्येही फिर्यादीला दोन महिन्यांहून जास्त उशीर होता. तिथे तर न्यायालयाने कलम ३०६ यांत्रिकपणे लावू नका असं पोलिसांनाच सुनावलं.

म्हणून १० ऑक्टोबरला चिठ्ठी ठाण्यात आली की एवढं विचारायचं आणि लिहायचं. कपाट कोणाचं, किल्ली कोणाकडे. १९ तारखेला घटनास्थळ पंचनामा झाला तेव्हा ते कपाट उघडलं होतं का. उघडलं असेल आणि "आक्षेपार्ह काही मिळून आले नाही" असं लिहिलं असेल, तर चिठ्ठी तेव्हा तिथे नव्हती हाच त्याचा अर्थ. उघडलं नसेल तर का नाही. मधल्या काळात त्या खोलीत कोण राहिलं. कपाट नेमकं कशासाठी उघडलं : विम्याचे कागद, बँक पासबुक, काही असेल ते. सापडली तेव्हा आणखी कोण होतं, चिठ्ठी कोणाकोणाच्या हातातून गेली, सापडल्यापासून ठाण्यापर्यंत किती तास. तेरावा होईपर्यंत कोणी कपाटाला हात लावला नाही, हे आपल्याकडे पटण्यासारखं कारण आहे, पण ते जबाबात यायला हवं. पाच वर्षांनी साक्षीत पहिल्यांदा सांगितलं तर ती सुधारणा, म्हणजे मागाहून घातलेली भर, ठरते.

भावाने ठाण्यात आणून दिली तर जप्ती पंचनामा ठाण्यातलाच होणार. तेवढ्यावर थांबू नका. त्याला घेऊन त्याच दिवशी घरी जा, कपाटाचा वेगळा पंचनामा करा, वही आणि पॅड तिथून घ्या. जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ प्रमाणे करायचंच आहे. न्याय संहितेच्या कलम १०८ ला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) खाली न्यायवैद्यक पथकाची भेटही येते.

पहिला "संशय नाही" वाला जबाब लपवायचा प्रयत्न करू नये. तो अकस्मात मृत्यूच्या कागदांत असतोच आणि बचावपक्ष तो मागवतोच. दुःखाच्या दिवशी माणूस असं सांगतो हे न्यायालयालाही कळतं. पण दुसऱ्या जबाबात त्याचा उल्लेखच नसेल तर मात्र नवी कहाणी रचल्यासारखं दिसतं.

---

तालुका_बार

सर्वांचे आभार. दोन शंका. एक, मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही हे तत्त्व चिठ्ठीला लावलं तर हस्ताक्षर सिद्ध झाल्यावर मजकूर खरा धरायचा ना? दोन, बचावपक्षाने एवढ्या सगळ्यासाठी खटल्यापर्यंत थांबायचं की आधीच गुन्हा रद्द करायला जायचं?

---

सत्र_पान_चार

पहिल्याचं उत्तर नाही. हस्ताक्षर सिद्ध झालं म्हणजे त्याने लिहिलं एवढं सिद्ध झालं. लिहिलेलं खरं का, आणि खरं असलं तरी ती चिथावणी का, हे बाकीच आहे. शिवाय साक्ष्य अधिनियमाचं कलम १६१ (जुनं १५८) बचावपक्ष विसरतो. मयत साक्षीला उभा असता तर त्याची विश्वासार्हता जशी खोडता किंवा बळकट करता आली असती, तशीच त्याच्या विधानाची करता येते. म्हणजे मधल्या सोळा दिवसांतले त्याचेच मेसेज, त्याचेच अर्ज चिठ्ठीविरुद्ध वाचता येतात. न्यायालयात कागदावर निशाणी क्रमांक पडला की मजकूर सिद्ध झाला, हाही गैरसमज. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० (जुनं २९४) खाली सरकार पक्ष चिठ्ठी कबूल करता का विचारेल तेव्हा नुसतं "कबूल" लिहू नका. तिथली कबुली औपचारिक पुराव्याची गरजच संपवते.

तुमचं उदाहरण विवाहितेचं असतं तर आणखी एक तारीख धरावी लागली असती, लग्नाची. सात वर्षांच्या आत मृत्यू आणि क्रूरता सिद्ध, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११७ (जुनं ११३-अ) खाली न्यायालय आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं गृहीतक धरू शकतं, धरायलाच हवं असं नाही. आणि कलम १०८ मधून सुटका झाली तरी चिठ्ठी न्याय संहितेच्या कलम ८५ (जुनं ४९८-अ) साठी वाचता येते का, हा जुना वाद सुरेंद्रन विरुद्ध केरळ (२०२२) मध्ये तीन न्यायमूर्तींनी मिटवला : मृत्यूचं कारण खटल्यात वादात असेल तर सुटकेमुळे ती आपोआप बाद होत नाही.

---

मुद्देमाल_खोली

दुसऱ्या शंकेवर : चिठ्ठी मागाहून बनवली, तारीख खोटी, कपाट आधी उघडलं होतं, हे सगळे वस्तुस्थितीचे वाद. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ (जुनं ४८२) खाली, म्हणजे गुन्हा रद्द करण्याच्या अर्जावर, उच्च न्यायालय त्यात शिरत नाही. महेंद्र के. सी. विरुद्ध कर्नाटक (२०२१) मध्ये उच्च न्यायालयाने मयताच्या वागण्यावरून चिठ्ठीच पारखायला घेतली आणि गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. उलट, चिठ्ठी अक्षरशः खरी धरूनही तिच्यात कृती दिसत नाही, किंवा कृती आणि मृत्यू यांत अंतर पडलंय, असा मुद्दा असेल तर रद्द करण्याचा अर्ज चालतो. नेताई दत्ता, सेंगर हे सगळे त्याच वाटेने सुटले. अलिबागच्या २०१८ च्या थकीत देयकांच्या प्रकरणात तिघांची नावं चिठ्ठीत होती. २०१९ मध्ये अ समरी (तपास बंद करण्याचा अहवाल), २०२० मध्ये पुन्हा तपास, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अर्णब गोस्वामी विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात अंतरिम जामीन देताना न्यायालयाने फिर्याद जशी आहे तशी वाचूनच प्रथमदर्शनी घटक दिसत नाहीत म्हटलं. चिठ्ठी खरी-खोटी यात ते गेलंच नाही.

तुमच्या रोखपालाच्या प्रसंगात मी आधी दोषारोपपत्र येऊ द्यायला सांगेन. वही जप्त नाही, कपाटाचा पंचनामा नाही, बावीस दिवसांत मेमो नाही, हे त्यातच उघडं पडतं आणि त्याच संहितेच्या कलम २५० चा दोषमुक्ती अर्ज त्या कागदांवरच उभा राहतो. अटकेची भीती असेल तर तोवर कलम ४८२ चा अटकपूर्व जामीन. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुन्या प्रक्रिया संहितेत रद्द करण्याचा अर्ज. अर्जावर आकडा टाकताना बघून टाका, यात घोळ होतो.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्हा जुन्या ३०६ चाच.

---

तालुका_बार

आणि चिठ्ठी लिहिणारा वाचला तर?

---

सत्र_पान_चार

मग कलम २६ संपलं, कारण माणूस हयात आहे. त्याने पिंजऱ्यात येऊन सांगायचं. चिठ्ठी फार तर त्याचं पूर्वीचं विधान, दुजोऱ्यासाठी किंवा खोडण्यासाठी. आणि कलम १०८ ला मृत्यू लागतोच. सतवीर सिंग विरुद्ध पंजाब (२००१) वाचा, ३०६ ला ५११ (गुन्ह्याच्या प्रयत्नाचं जुनं कलम) जोडून काम भागत नाही हे तिथे आहे.